ड्रॉइंगमधल्या व्ह्यूंना लेबल देण्याची पद्धत: सेक्शन, डिटेल आणि बाणाचे व्ह्यू

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या मशीन शॉपमध्ये ए३ ड्रॉइंग टेबलावर पूर्ण पसरून वाचायला आता फारसं कुणाला जमत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ येते आणि ऑपरेटर मशीनजवळ उभा राहून हवा तेवढाच भाग बोटांनी मोठा करतो. त्या वेळी स्क्रीनवर एकच व्ह्यू (पार्टची एका बाजूने पाहिलेली आकृती) असतो. तो कुठून कापलाय, कोणत्या बाजूने पाहिलाय आणि किती पट आहे हे त्याला फक्त लेबलावरून कळतं. उद्यमनगरात ओतकामाचा नमुना बनवणाऱ्या पॅटर्न शॉपचंही तेच. सेक्शनचा (पार्ट कापून आतला भाग दाखवणाऱ्या व्ह्यूचा) बाण उलटा असेल तर बॉस (पार्टवरचा उंचवटा) दुसऱ्या अंगाला जातो आणि कास्टिंग अपोझिट हँड, म्हणजे आरशातल्यासारखं उलटं, होऊन येतं. पॅटर्न, कोअर बॉक्स आणि ओतलेला माल, सगळंच वाया.

या चुका बहुतेक दोन सवयींतून होतात. व्ह्यू पक्के व्हायच्या आधीच अक्षरं टाकली जातात, आणि लेबल सॉफ्टवेअरकडून न घेता हाताने टाइप केलं जातं. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा.

उदाहरणासाठी एक बेअरिंग हाउसिंग घेऊ. कास्टिंगचा पार्ट, मेन बोअर (मधलं गोल भोक) ८० मिमी, बोअरमध्ये सीलची खाच, बाजूला ३० अंशात कललेली तेलाच्या पाइपची फ्लँज. शीट ए३, मुख्य स्केल १:२.

## टप्पा १: शीट उघडण्याआधी टेम्पलेट नीट करा

प्रोजेक्शन, म्हणजे कोणता व्ह्यू कोणत्या बाजूला मांडायचा याची पद्धत. आपल्याकडे फर्स्ट अँगल चालतं, अमेरिकन ग्राहकाचं ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये येतं. सॉलिडवर्क्स या ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये हे सेटिंग 'शीट प्रॉपर्टीज'मध्ये, म्हणजे प्रत्येक शीटला वेगळं असतं. इन्व्हेंटरमध्ये 'स्टाइल्स एडिटर'च्या 'स्टँडर्ड'खाली 'व्ह्यू प्रेफरन्सेस'मध्ये, आणि ऑटोकॅडमध्ये 'ड्राफ्टिंग स्टँडर्ड'च्या डायलॉगमध्ये, ज्याची कमांड 'व्ह्यूएसटीडी' आहे. पहिला व्ह्यू ठेवायच्या आधी हे बघून घ्या.

> सावधान: टायटल ब्लॉकमधलं प्रोजेक्शनचं चिन्ह बहुतेक टेम्पलेटमध्ये नुसतं चित्र असतं. सेटिंग बदललं म्हणून ते आपोआप बदलत नाही. कापलेल्या शंकूचा बाजूचा आकार डावीकडे आणि दोन वर्तुळं उजवीकडे असतील तर फर्स्ट अँगल. वर्तुळं डावीकडे असतील तर थर्ड अँगल.

अक्षरांची उंची. मापांची अक्षरं ३.५ मिमी असतील तर व्ह्यूचं अक्षर ५ मिमी ठेवा. आयएसओच्या (आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या) नियमाप्रमाणे व्ह्यूची अक्षरं नेहमीच्या अक्षरांपेक्षा १.४१ पट मोठी हवीत, आणि ३.५ नंतरची ठरलेली उंची ५ हीच आहे. ए३ शीट ए४ कागदावर छापली की सगळं ०.७ पट होतं. ५ चे ३.५ होतात, ते वाचता येतात, ३.५ चं लेबल २.५ वर येतं आणि तेलकट कागदावर दिसेनासं होतं.

लेबलाची जागा. आयएसओ पद्धतीत लेबल व्ह्यूच्या वर येतं आणि त्यात नुसती अक्षरं असतात: डी-डी. अमेरिकन पद्धतीत ते व्ह्यूच्या खाली येतं आणि आधी 'सेक्शन' किंवा 'डिटेल' (छोटा भाग मोठा करून दाखवणारा व्ह्यू) असा शब्द असतो. दोन्ही चालतात, पण एका ड्रॉइंगमध्ये एकच. दोन व्ह्यू एकाखाली एक असताना एकाचं लेबल वर आणि दुसऱ्याचं खाली असेल तर मधल्या जागेत दोन लेबलं येतात आणि कोणतं कुणाचं ते कळत नाही.

वगळायची अक्षरं. 'आय' १ सारखं दिसतं, 'ओ' आणि 'क्यू' शून्यासारखे. ऑटोकॅडच्या सेक्शन स्टाइलमध्ये आणि इन्व्हेंटरच्या स्टँडर्डमध्ये वगळायच्या अक्षरांची यादी असते. तीत निदान ही तीन असायला हवीत. अमेरिकन पद्धतीत एस, एक्स आणि झेडही टाळतात.

## टप्पा २: आधी व्ह्यू पक्के करा

अक्षरांचा विचार अजून करायचा नाही. समोरचा व्ह्यू, वरचा, बाजूचा, कुठे कापायचं, काय मोठं करून दाखवायचं, हे सगळं शीटवर मांडा, मापं बसतात का बघा, स्केल ठरवा. आमचं ठाम मत आहे की मापं निम्मी लागेपर्यंत व्ह्यू पक्के झाले असं मानू नये, कारण मापं लावताना एखादा सेक्शन कमी पडतो किंवा जास्तीचा निघतो.

मग ठरवा, लेबल कुणाला हवं:

- समोरचा, वरचा आणि बाजूचा व्ह्यू एकमेकांच्या रेषेत आपापल्या जागी असतील तर लेबल नको. कॉलेजात प्रत्येक आकृतीखाली 'फ्रंट व्ह्यू', 'टॉप व्ह्यू' लिहायची सवय लागते. शॉपच्या ड्रॉइंगमध्ये ती नावं फक्त जागा खातात.
- सेक्शन, डिटेल आणि बाणाने दाखवलेला व्ह्यू यांना लेबल हवंच.
- नेहमीचा व्ह्यूसुद्धा जागेअभावी रेषेतून हलवला किंवा दुसऱ्या शीटवर नेला तर त्याला बाण आणि अक्षर दोन्ही द्या. हे सर्रास विसरलं जातं.
- आयसोमेट्रिकला (तिरक्या कोनातून दाखवलेल्या थ्री-डी चित्राला) अक्षर नको.

## टप्पा ३: कापाची रेषा आणि बाण

सगळ्यात महागडी चूक इथेच होते, म्हणून या टप्प्याला वेळ द्या.

१. कापाची रेषा बोअरच्या मध्याला *जोडा*, अंदाजाने जवळ ठेवू नका. कर्सर बोअरच्या कडेवर नेऊन मध्यबिंदू उजळला की मगच रेषा ओढा. रेषा सुटी राहिली तर मॉडेल बदलल्यावर बोअर सरकतो आणि रेषा जुन्याच जागी राहते.

२. रेषेची दोन्ही टोकं पार्टच्या बाहेर थोडी काढा. टोकांना आणि वळणांना जाड, मध्ये बारीक लांब-रेघ-टिंब.

३. बाण पाहण्याची दिशा दाखवतो. आयएसओ पद्धतीत बाणाचं टोक रेषेला टेकतं, अमेरिकन पद्धतीत बाण रेषेपासून निघून पुढे जातो. चित्र वेगळं दिसलं तरी दोन्हीत अर्थ एकच: बाण ज्या दिशेला तोंड करून आहे, त्या दिशेला बघायचं.

४. अक्षर बाणाजवळ, रेषेच्या दोन्ही टोकांना. रेषा तिरकी असली तरी अक्षर सरळ उभंच ठेवा, शीटच्या खालच्या बाजूने वाचता येईल असं. पायरीसारखा वळणारा काप असेल तरी अक्षरं फक्त दोन टोकांना पुरतात. वळणं गुंतागुंतीची असतील तरच मध्ये लिहा.

> तपासा, मध्य: सेक्शनमध्ये बोअरचं माप घ्या. ८० च्या बोअरमध्ये रेषा मध्यापासून ४ मिमी सरकली असेल तर सेक्शनमध्ये रुंदी ७९.६ येते. माप ७९.६ दिसलं की काही जण तिथे ८० टाइप करून मोकळे होतात. तसं करू नका, रेषा मध्याला जोडा. सेक्शनमधली बाकीची मापंही तितकीच खोटी असतात.

> तपासा, दिशा: फर्स्ट अँगलमध्ये बाण जिकडे तोंड करून आहे त्याच बाजूला सेक्शनचा व्ह्यू बसतो. बाण उजवीकडे असेल तर सेक्शन उजवीकडे. थर्ड अँगलमध्ये नेमकं उलट, सेक्शन बाणाच्या पाठीमागे बसतो. व्ह्यू उलट्या बाजूला ओढून ठेवला असेल तर वाचणारा गोंधळणार, मग अक्षर कितीही बरोबर असो.

दिशा चुकली असेल तर 'फ्लिप डायरेक्शन' वापरा. बाण पुसून हाताने नवा काढला की बाण फिरतो, पण सेक्शनमधली आकृती जुन्याच दिशेची राहते. अपोझिट हँड पॅटर्न होण्याचं हे नेहमीचं कारण.

## टप्पा ४: डिटेल आणि बाणाचा व्ह्यू

सीलच्या खाचेसाठी डिटेल घ्यायचं. वर्तुळ खाचेपुरतंच असू द्या. निम्मा बोअर आत घेतला तर मोठं करण्यात अर्थ उरत नाही. वर्तुळाचा मध्य खाचेच्या एखाद्या कोपऱ्याला जोडा. सॉलिडवर्क्समध्ये हे वर्तुळ म्हणजे साधं स्केच असतं, सुटं राहिलं तर खाच हलल्यावर डिटेलमध्ये मोकळी भिंत दिसते.

खाचेची मापं फक्त डिटेलमध्ये लावा. तीच मापं मूळ व्ह्यूमध्येही ठेवली तर पुढच्या रिव्हिजनला एक बदलतं आणि दुसरं तसंच राहून जातं.

कललेल्या फ्लँजसाठी बाणाचा व्ह्यू लागतो. बाण फ्लँजच्या फेसला काटकोनात यायला हवा. व्ह्यू तिरका बसत असेल आणि तुम्ही तो सरळ करून ठेवलात, तर लेबलात फिरवल्याची खूण आणि कोन द्या. खूण नसेल तर फ्लँजची भोकं सरळ रेषेत आहेत असं समजून ड्रिलिंग होतं, ३० अंशांचा फरक तिथेच बुडतो.

## टप्पा ५: आता अक्षरं

सॉफ्टवेअर ज्या क्रमाने व्ह्यू बनवले त्या क्रमाने अक्षरं देतं. मधले दोन व्ह्यू काढून टाकले की क्रम तुटतो. ड्रॉइंग अजून कुणाला दिलेलं नसेल तर सगळी अक्षरं एकदा नव्याने लावा: पहिल्या शीटवर डावीकडून उजवीकडे, वरून खाली, मग दुसरी शीट.

डेटमची (ज्या पृष्ठभागांपासून मापं धरतात त्यांची) अक्षरं बाजूला ठेवा. हाउसिंगवर डेटम ए, बी, सी आहेत आणि सेक्शनही ए-ए, बी-बी आहेत, अशा शीटवर फोनवर बोलणं अवघड होतं. "बी पासून ४२ आहे का?" यात बी म्हणजे डेटम की सेक्शन? ए, बी, सी डेटमसाठी राखा आणि व्ह्यू डी पासून सुरू करा. सॉलिडवर्क्समध्ये 'शीट प्रॉपर्टीज'मध्येच 'नेक्स्ट व्ह्यू लेबल' आणि 'नेक्स्ट डेटम लेबल' असे दोन रकाने आहेत. पहिल्यात डी टाका. आपल्या हाउसिंगवर मग डी-डी मेन बोअरचा सेक्शन, ई सीलच्या खाचेचं डिटेल आणि एफ फ्लँजचा व्ह्यू.

एक अक्षर एकदाच. सेक्शन ई-ई आणि डिटेल ई एकाच ड्रॉइंगमध्ये नकोत. ऑटोकॅडच्या सेक्शन आणि डिटेल स्टाइलमध्ये सलग अक्षरांचा पर्याय असतो, तो चालू ठेवला की दोघांची अक्षरं एकाच मालिकेतून येतात.

शॉपमधल्या आवाजात बी, डी, ई, जी, पी सगळी सारखीच ऐकू येतात. फोनवर नुसतं अक्षर न सांगता "डी-डी, मेन बोअरचा सेक्शन" असं सांगायची सवय शॉपलाही लावा.

ग्राहकाची अक्षरं बदलू नका. ग्राहकाच्या ड्रॉइंगवरून आपलं प्रोसेस ड्रॉइंग करताना त्यातला फक्त एच-एच लागत असेल, तर आपल्याकडेही तो एच-एच च राहील. त्याचा ए-ए केला की तपासणी अहवाल आणि ग्राहकाचं ड्रॉइंग एकमेकांशी जुळत नाहीत. आणि ग्राहकाचं थर्ड अँगल असताना आपलं फर्स्ट अँगलमध्ये करत असाल तर टप्पा ३ मधली दिशेची तपासणी प्रत्येक सेक्शनला पुन्हा करा.

## टप्पा ६: लेबलाचा मजकूर आणि स्केल

लेबलातलं अक्षर आणि स्केल दोन्ही व्ह्यूशी जोडलेले हवेत. रचना टेम्पलेटमध्येच ठरवा: सॉलिडवर्क्समध्ये 'डॉक्युमेंट प्रॉपर्टीज'मध्ये 'ड्राफ्टिंग स्टँडर्ड', त्याखाली 'व्ह्यूज', आणि तिथे सेक्शन, डिटेल, ऑक्झिलरी यांचं प्रत्येकी वेगळं पान. स्टँडर्डप्रमाणे मजकूर, नाव, स्केल, लेबल वर की खाली, सगळं तिथे आहे. इन्व्हेंटरमध्ये लेबलावर राइट क्लिक करून 'एडिट व्ह्यू लेबल'. ऑटोकॅडमध्ये सेक्शन स्टाइलचं 'व्ह्यू लेबल' पान.

> सावधान: सॉलिडवर्क्समध्ये 'मॅन्युअल व्ह्यू लेबल' चालू करून मजकूर टाइप केला की तो टेम्पलेटचं ऐकत नाही. नंतर डिटेलचं स्केल २:१ वरून ५:१ केलं तरी लेबल २:१ च दाखवू शकतं.

स्केल लेबलात केव्हा लिहायचं? टायटल ब्लॉकमधल्या स्केलपेक्षा वेगळं असेल तेव्हाच. डी-डी १:२ मध्येच आहे, त्याला नको. ई २:१ आहे, त्याला हवं: ई (२:१). मोठं करण्यासाठी २:१, ५:१, १०:१ हीच स्केलं घ्या; ३:१ किंवा ४:१ जागेत छान बसतं म्हणून घेऊ नका.

डिटेल 'दुप्पट' करताना कशाच्या दुप्पट हे पाहा. सॉलिडवर्क्स सुरुवातीला डिटेल मुख्य स्केलच्या दुप्पट करतं, म्हणजे १:२ च्या शीटवर ते १:१ येतं, २:१ नाही.

> तपासा: पूर्ण आकारात छापलेल्या शीटवर ई मधली खाच पट्टीने मोजा. ५ मिमीची खाच २:१ मध्ये १० मिमी भरली पाहिजे. २.५ भरली तर लेबलात १:२ आणि २:१ ची अदलाबदल झाली आहे.

## टप्पा ७: टू-डी ऑटोकॅडवर काम करणाऱ्यांसाठी

उद्यमनगरातल्या अनेक छोट्या ऑफिसांत काम टू-डीमध्ये किंवा ऑटोकॅड एलटीवर (ऑटोकॅडची साधी आवृत्ती) चालतं. एलटीमध्ये मॉडेलवरून आपोआप व्ह्यू बनवायची सोय नाही. तरी लेबलाचं स्केल जिवंत ठेवता येतं.

१. लेबल पेपर स्पेसमध्ये (छपाईच्या शीटवर) ठेवा, मॉडेल स्पेसमध्ये (जिथे पार्ट काढतो तिथे) नको. मॉडेलमध्ये लिहिलेलं ५ मिमीचं अक्षर १:२ व्ह्यूपोर्टमध्ये (शीटवर मॉडेल दाखवणाऱ्या खिडकीत) २.५ होतं आणि २:१ मध्ये १०.

२. व्ह्यूपोर्टचं स्केल लावून तो लॉक करा. लॉक नसलेल्या व्ह्यूपोर्टमध्ये माउसचं चाक एकदा फिरलं की स्केल गेलं.

३. लेबलाचा ब्लॉक बनवा, त्यात अक्षर आणि स्केल असे दोन अ‍ॅट्रिब्यूट (भरायचे रकाने).

४. स्केलच्या रकान्यात आकडा टाइप न करता 'फील्ड' (आपोआप बदलणारा मजकूर) घाला: 'ऑब्जेक्ट' निवडा, व्ह्यूपोर्टची कडा निवडा, 'कस्टम स्केल' घ्या आणि १:# किंवा #:१ हा नमुना निवडा. कडेचा लेयर बंद असेल तर ती निवडता येणार नाही, आधी चालू करा.

५. 'रीजेन' करा. फील्डमागे राखाडी पट्टी दिसली पाहिजे. ती छापली जात नाही. ब्लॉक एक्सप्लोड करू नका, नाहीतर रकान्यातला आकडा जातो आणि अ‍ॅट्रिब्यूटचं नुसतं नाव उरतं.

इथे सेक्शनचे बाण हातानेच काढावे लागतात, त्यामुळे दिशेची तपासणी दुसऱ्या माणसाकडून करून घ्या. काढणाऱ्याला स्वतःचा उलटा बाण सहसा दिसत नाही.

## टप्पा ८: सेक्शन दुसऱ्या शीटवर असेल तर

दोन्हीकडे पत्ता द्या. पहिल्या शीटवर कापाच्या रेषेजवळ "शीट २" आणि दुसऱ्या शीटवर लेबलाखाली "शीट १ वरून". एकाच बाजूला दिला तर पीडीएफचं फक्त दुसरं पान ज्याच्याकडे पोचलं, त्याला काप कुठला ते शोधता येत नाही. शीटला झोनची चौकट असेल तर झोनही द्या, पण "शीट २, झोन सी४" असं पूर्ण. नुसतं सी४ व्ह्यूचं नाव वाटतं. मध्ये नवी शीट घातली तर हाताने लिहिलेले सगळे शीट क्रमांक तपासावे लागतात.

## टप्पा ९: पाठवण्याआधी

ए४ वर एक प्रत काढा आणि पेन्सिलीने प्रत्येक लेबलावर खूण करत जा: मूळ व्ह्यूमध्ये त्याची रेषा, वर्तुळ किंवा बाण सापडला का, आणि प्रत्येक रेषेचा व्ह्यू सापडला का. दोन्ही बाजूंनी करा. व्ह्यू लपवला असेल तर रेषा मागे राहू शकते आणि शॉपमधून "जी-जी कुठाय?" असा फोन येतो.

मग पीडीएफ मोबाइलवर उघडा आणि एकेक व्ह्यू स्क्रीनभर मोठा करा. लेबल त्याच स्क्रीनवर येतंय का? लांब गेलं असेल तर जवळ ओढा. लेबलावरून मापाची रेषा जात असेल तर माप हलवा, लेबल नव्हे.

## टप्पा १०: ड्रॉइंग दिल्यानंतरची रिव्हिजन

एकदा ड्रॉइंग पॅटर्न शॉप किंवा फौंड्रीकडे गेलं की अक्षरं गोठली. डिटेल ई काढून टाकलं तर ई रिकामं राहू द्या आणि नव्या व्ह्यूला पुढचं न वापरलेलं अक्षर, इथे जी, द्या. जुन्या तपासणी अहवालात, प्रोसेस शीटवर आणि सीएमएमच्या (मापं तपासणाऱ्या मशीनच्या) प्रोग्रामच्या नावात ई म्हणजे सीलची खाच असं लिहिलेलं असतं. तेच अक्षर दुसऱ्या जागेला दिलं तर दोन रिव्हिजनचे कागद एकत्र आल्यावर चुकीची जागा मोजली जाते. सॉलिडवर्क्सच्या 'सिस्टिम ऑप्शन्स'मध्ये 'ड्रॉइंग्ज'खाली काढलेल्या व्ह्यूंची अक्षरं पुन्हा वापरण्याचा पर्याय आहे. ड्रॉइंग तयार होईपर्यंत तो चालू चालेल, पहिली प्रत बाहेर गेली की बंद करा. आणि रिव्हिजनच्या तक्त्यात "डिटेल ई रद्द, व्ह्यू जी नवीन" अशी नोंद अक्षरासकट करा, म्हणजे जुनी प्रत हातात असलेल्याला काय बदललं ते तिथेच दिसेल.